समोरच्या खुर्चीतला नवरा

शलाकाने समुपदेशनाच्या कोर्सला नाव घातलं तेव्हा अक्षयने एकच गोष्ट विचारली होती. शनिवारी लेकीला, चिमीला, डान्सक्लासला कोण सोडणार? शलाका म्हणाली, आई सोडतील. तो बरं म्हणाला आणि विषय तिथेच संपला. त्याच्याशी बहुतेक विषय असेच संपत. भांडण नाही, तक्रार नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि चर्चच्या मंडळीत त्यांच्या घराचं उदाहरण देत.

त्याला कारणही होतं. अक्षयचे वडील पाळक होते, नगरकडच्या खेड्यांतल्या मंडळ्या सांभाळत आयुष्य गेलेले. ते गेल्यावर आई, म्हणजे सरस्वतीबाई, मुलाकडे चिखलोलीला राहायला आल्या आणि येताना संध्याकाळी सातच्या कौटुंबिक प्रार्थनेचा नेम घेऊन आल्या. वडिलांच्या जागी अक्षय प्रार्थना चालवायचा. अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत तो शिफ्ट सुपरवायझर होता. घरी आला की हातपाय धुवायचे, टीव्ही बंद करायचा, सगळ्यांनी हॉलमध्ये बसायचं. तो डोळे मिटून बोलायला लागला की आई मान डोलवायच्या. त्याचा आवाज थेट वडिलांसारखा आहे, असं त्या सगळ्यांना सांगत.

शलाका अंबरनाथच्या एका शाळेत शिकवायची. मंडळीतल्या बायका घरातली भांडणं घेऊन पाळकसाहेबांच्या पत्नीकडे, पाळकीणबाईंकडे, यायच्या आणि पाळकीणबाई त्यांच्याबरोबर रडायच्या, यापलीकडे काही होत नसे. एकदा पाळकसाहेबच शलाकाला म्हणाले, तुम्ही शिकलेल्या आहात, याचं रीतसर शिक्षण का घेत नाही? तशी ती उल्हासनगरला जाऊ लागली. ख्रिस्ती विवाह आणि कुटुंब समुपदेशन, दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, वर्ग फक्त शनिवारी. कॉलेज म्हणजे चार नंबर कॅम्पात पडद्यांच्या कापडाच्या दुकानावर दोन वर्गखोल्या आणि एक हॉल. खाली सिंधी दुकानदारांची ओरड, वर खिडक्या लावून अंजनी मॅडम शिकवत.

अंजनी मॅडम साठीच्या होत्या. हळू बोलायच्या आणि विद्यार्थ्यांचं कौतुक फारसं करायच्या नाहीत. त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलेला नियम सगळ्यांना पाठ होता: खोलीत बोललेलं खोलीत राहतं.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी सराव सुरू झाला. खरी जोडपी देण्याआधी मॅडम खोटी जोडपी बसवायच्या. दोन विद्यार्थी नवरा-बायको व्हायचे, तिसरा समुपदेशक, बाकीचे भिंतीला टेकून बघत बसायचे. नवरा-बायकोला मॅडम बाहेर नेऊन त्यांचं काय बिनसलंय ते सांगत. समुपदेशकाला मात्र काही सांगत नसत. त्याने ते प्रश्न विचारून काढायचं.

शलाकाची पाळी आली त्या शनिवारी नवरा होणारा विक्रांत आलाच नाही. त्याला कावीळ झाली होती. बायको होणारी राजसी खुर्चीत येऊन बसली होती. वर्गात सगळ्यात लहान, लग्न न झालेली, वेणीला सारखा हात लावणारी मुलगी. आता नवरा कुठून आणायचा, असं चाललेलं असताना कुणीतरी म्हणालं की शलाकाताईंचे मिस्टर खाली आहेत. ते खरं होतं. शलाकाची स्कूटर गॅरेजला होती म्हणून अक्षय तिला सोडायला आला होता आणि खाली गाडीवर दालपकवान खात उभा होता.

शलाका म्हणाली, तो नाही येणार. तो चारचौघांत बोलत नाही.

मॅडम म्हणाल्या, सरावच आहे, बसू देत.

अक्षय वर आला. त्याला वाटलं काहीतरी सही करायची आहे. मॅडमनी त्याला आणि राजसीला बाहेरच्या जिन्यात नेलं, काहीतरी सांगितलं आणि दोघं आत येऊन शलाकाच्या समोरच्या खुर्च्यांत बसले. शलाकाला हसू येत होतं. तिने ते दाबलं आणि शिकवल्याप्रमाणे सुरुवात केली.

"माझं नाव शलाका. तुम्ही दोघं आलात हे बरं झालं. तुमची नावं सांगाल?"

"माया," राजसी म्हणाली.

"राजू," अक्षय म्हणाला. मग थोडं थांबून, "राजू, मॅडम."

त्याने तिला मॅडम म्हटल्यावर वर्गात दोघंतिघं हसले. तो हसला नाही. राजसीने, म्हणजे मायाने, तक्रार सांगितली: हे रोज उशिरा घरी येतात, विचारलं तर काम होतं म्हणतात, मला काही खरं वाटत नाही. शलाकाने तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत परत सांगितलं आणि मग त्याच्याकडे वळली.

"राजूभाऊ, कामावरून सुटल्यावर तुम्ही कुठे असता?"

अक्षयने पायांकडे बघितलं. "धरणाच्या रस्त्याला," तो म्हणाला. "बारवीच्या. गाडी लावतो आणि बसतो."

"एकटेच?"

"एकटाच."

"तिथे बसल्यावर काय वाटतं?"

"काही वाटत नाही. तेच बरं असतं."

शलाकाचा पुढचा प्रश्न तयार होता, पण तो तोंडातून निघायला वेळ लागला. गेल्या काही महिन्यांत अक्षय आठवड्यातून दोनतीनदा उशिरा येत होता. ओव्हरटाइम आहे म्हणायचा. तिने कधी शंका घेतली नव्हती. आताही घेतली नाही, फक्त तो खुर्चीत जसा बसला होता, हात मांडीखाली घालून, तसा बसलेला तिने त्याला कधी पाहिला नव्हता. नाटक करताना माणूस कसा बसतो हेही तिला माहीत नव्हतं.

सेशन संपल्यावर वर्गाने टाळ्या वाजवल्या. मॅडम म्हणाल्या, पुढच्या शनिवारीही हेच जोडपं ठेवू, जमेल ना? अक्षय जमेल म्हणाला.

मोटरसायकलवर मागे बसून शलाकाने विचारलं, की धरणाचं तुला कसं सुचलं. तो म्हणाला, त्या मॅडम म्हणाल्या होत्या खरं वाटलं पाहिजे. मग म्हणाला, "मार्क कमी नाही ना पडले माझ्यामुळे?"

नाही, ती म्हणाली, आणि अंबरनाथ लागेपर्यंत त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

पुढच्या शनिवारी तिची स्कूटर दुरुस्त होऊन आली होती, पण अक्षय म्हणाला, मी येतोच आहे तर एकाच गाडीवर जाऊ. त्याने दाढी केली होती आणि रविवारचा इस्त्रीचा शर्ट घातला होता. शलाकाने ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

दुसऱ्या सेशनमध्ये तिने घरच्या दिवसाबद्दल विचारलं. संध्याकाळी तुम्ही दोघं एकत्र काय करता? साधा, शिकवलेला प्रश्न. राजसी म्हणाली, जेवतो, टीव्ही बघतो. अक्षय बराच वेळ काही बोलला नाही. शांततेला घाबरायचं नाही, हेही शिकवलेलं होतं, म्हणून शलाकाही थांबली.

"संध्याकाळी मी प्रार्थना चालवतो," तो म्हणाला. "घरातले सगळे बसतात. शब्द येतात तोंडातून. लहानपणापासून ऐकलेत, त्यामुळे अडत नाही. पण आत काही नसतं. पूर्वी होतं. कधी गेलं ते कळलं नाही."

भिंतीशी बसलेल्या कुणाची तरी खुर्ची वाजली.

"हे तुम्ही मायाला सांगितलंय?" शलाकाने विचारलं. आपला आवाज नेहमीसारखाच आहे याचं तिला आश्चर्य वाटलं.

"नाही."

"सांगितलं तर काय होईल असं वाटतं?"

"ती माझ्यासाठी प्रार्थना करील," अक्षय म्हणाला. "सगळेच करतील. मला ते नको आहे, मॅडम."

इथे शलाकाने मायाकडे वळून तिला काय वाटलं ते विचारायचं होतं. ते तिला सुचलं नाही. पण राजसी आपणहून बोलली. ती त्याच्याकडे वळली आणि अगदी साधेपणाने म्हणाली, "मग नका ना चालवू. गप्प बसू आपण. मीही बसते तुमच्याबरोबर."

अक्षयने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. शलाकाने ते समोरून, हातभर अंतरावरून पाहिलं. तिला राजसीचा राग आला आणि आपल्याला राग का येतोय हे कळेना. पोरीने भूमिका नीट केली होती, एवढंच. ती कुणाशी बोलली होती? राजूशी. राजू कुणाशी बोलत होता? मायाशी नाही, मॅडमशी. आणि मॅडम म्हणजे कोण?

वर्ग सुटल्यावर तिने अंजनी मॅडमना गाठलं आणि तुम्ही जिन्यात अक्षयला नेमकं काय सांगितलं होतं, असं विचारलं.

मॅडम म्हणाल्या, नवरा उशिरा घरी येतो आणि बायकोला संशय आहे, बास, एवढंच. बाकीचं त्यांचं आहे.

"मग ते खरं आहे का, मॅडम?"

"मला कसं कळणार?"

"मी त्याला घरी विचारू का?"

मॅडमनी चष्मा काढून पदराला पुसला. म्हणाल्या, खोलीतलं खोलीत, हा नियम मीच सगळ्यांना पाठ करायला लावलाय. मग म्हणाल्या, नियम सरावालाही लागतो की नाही याचा मी कधी विचार केला नाही. मला विचार करू द्या. एवढं बोलून त्या निघून गेल्या. आपण विचारलं नसतं तर बरं झालं असतं, असं शलाकाला वाटत राहिलं. कारण आता विचारायला मनाई आहे की नाही, हेसुद्धा तिला माहीत नव्हतं.

तो आठवडा वाईट गेला. संध्याकाळी वेळेवर आला की अक्षय हातपाय धुऊन बसायचा आणि प्रार्थना चालवायचा. आईंच्या गुडघ्यासाठी, चिमीच्या परीक्षेसाठी, शेजारच्या आजारी आजोबांसाठी, कंपनीतल्या सगळ्यांच्या सुरक्षिततेसाठी. सगळं नेहमीसारखं. शलाका पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवून बसली. त्याच्या कपाळाकडे, मिटलेल्या पापण्यांकडे बघत तिने शोधून पाहिलं. आत काही नसलेल्या माणसाचा चेहरा कसा दिसतो? तिला तो सुंदर दिसला. त्यामुळे ती आणखीच गोंधळली. शेवटी सगळे आमेन म्हणाले तेव्हा तिच्या तोंडून ते आलं नाही, आणि आईंनी तिच्याकडे वळून पाहिलं.

रात्री तो विचारायचा, काय झालंय? ती म्हणायची, शाळेत काम खूप आहे.

बुधवारी त्याचा फोन आला. एक बॅच बाकी आहे, थांबावं लागेल. शलाकाने बरं म्हटलं, चिमीला आईंकडे दिलं, आणि काहीतरी आणायचंय असं पुटपुटत स्कूटर काढली. बाजाराकडे वळायचं सोडून ती सरळ बदलापुरात गेली, पूल ओलांडला, बदलापूर गावातल्या अरुंद रस्त्यातून वाट काढत धरणाच्या रस्त्याला लागली. अजून उजेड होता. दोन्हीकडे भाताची खाचरं, पुढे झाडी. जिथे जिथे रस्त्याकडेला मोटरसायकल लावलेली दिसली तिथे ती वेग कमी करायची. एकीवर कॉलेजातली पोरं होती. एकीचा मालक खाली शेतात होता. अक्षय कुठेच नव्हता.

शेवटी ओढ्यावरच्या एका मोरीपाशी ती थांबली आणि तिने त्याला फोन लावला. मागे कंपनीतल्या मिक्सरची घरघर ऐकू आली, कुणीतरी ओरडून ड्रम हलवायला सांगत होतं.

"काय गं?" तो म्हणाला. "कुठे आहेस? वाऱ्याचा आवाज येतोय."

"बाजारात," शलाका म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिच्या पहिल्यांदा लक्षात आलं ते हे, की तो खरं बोलला होता आणि ती खोटं. धरणाच्या रस्त्याला तो येत नव्हता. मग ती गोष्ट रचलेली होती. एक गोष्ट रचलेली असेल तर दुसरीही असेल. तिला हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. उलट, प्रार्थनेचं ते बोलणं त्याने नुसतंच रचलं असेल, तर आपलं काहीतरी हरवलं असं तिला वाटू लागलं. हे तर अगदीच उफराटं होतं. ती मोरीच्या कठड्यावर बसून राहिली. खाली पाणी थोडंच होतं. बसल्या बसल्या तिचं डोकं रिकामं झालं, कशाचाच विचार येईना, आणि ते तिला इतकं बरं वाटलं की उठवेना. घरी जाताना तिने चौकातून उगाचच कोथिंबीर घेतली.

शनिवारी तिसरं आणि शेवटचं सेशन होतं. यावर मार्क होते. राजसी आणि अक्षय खुर्च्यांत बसले, पण शलाका आपल्या खुर्चीत बसली नाही. तिने मॅडमना सांगितलं की मला हे करता येणार नाही. समुपदेशकाचा समोरच्याशी दुसरा कुठला संबंध असू नये, हे तुम्हीच शिकवलंय. माझा आहे.

मॅडम म्हणाल्या, उशिरा आठवलं. मग म्हणाल्या, काय करायचंय तुम्हाला?

शलाकाने राजसीला उठायला सांगितलं. राजसी समुपदेशकाच्या खुर्चीत गेली, घाबरलेली, वेणी हातात धरून. शलाका अक्षयच्या शेजारी बसली. त्याने तिच्याकडे न बघता खुर्ची थोडी बाजूला सरकवली. तिला जागा करून दिली की तिच्यापासून लांब गेला, ते तिला समजलं नाही.

राजसीने आधी त्यालाच विचारलं. गेल्या आठवड्यात कसं होतं, राजूभाऊ? तो म्हणाला, ठीक होतं. उशीर झाला का? झाला, काम होतं. प्रार्थनेबद्दल बोलला होतात त्याचं काय? तो म्हणाला, त्याचं काही नाही, ते असंच. दोन आठवडे बोललेला माणूस कुठे गेला ते कुणालाच कळेना. विद्यार्थी एकमेकांकडे बघू लागले. राजसीने मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी मान हलवली, आणि मग ती शलाकाकडे वळली.

"माया, तुम्हाला काही सांगायचंय?"

शलाकाने मनाशी बरंच काही ठरवलं होतं. तुला नेमकं काय होतंय, केव्हापासून होतंय, असं सगळं नीट, क्रमाने विचारायचं होतं. तोंडातून आलं ते वेगळंच.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. "बुधवारी मी बाजारात नव्हते. मी धरणाच्या रस्त्याला गेले होते. हा तिथे बसलाय का ते बघायला."

वर्गाला हा भूमिकेचाच भाग वाटला. कुणीतरी कौतुकाने मान हलवली. अक्षयने मात्र मान झटकन वळवली.

"एवढ्या लांब? स्कूटरवर?"

"हो."

"अगं पण मी तिथे कधीच गेलो नाही, शलाका."

नाव ऐकून सगळे चपापले. राजसीने वेणी सोडली. मॅडम उठल्या आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, सगळ्यांनी खाली जाऊन चहा घ्या. राजसी, तूही जा. सगळे बाहेर पडले. शेवटी त्याही निघाल्या आणि त्यांनी बाहेरून दार ओढून घेतलं.

दोघं शेजारी शेजारी बसून समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. खालच्या दुकानात कुणीतरी हिंदीत भाव करत होतं.

मग अक्षय बोलू लागला. धरणाचं मी रचलं होतं, तो म्हणाला. माणूस कुठेतरी बसलेला दाखवायचा होता, तो रस्ता आठवला. ओव्हरटाइम खरा आहे. पण तो कुणी सांगत नाही, मीच मागून घेतो. सातच्या प्रार्थनेला घरी पोचायला नको म्हणून.

"आणि प्रार्थनेचं?"

"ते मला माहीत नाही." त्याने हात मांडीखाली घातले. "बोलत होतो तेव्हा वाटलं, मी रचतोय. बोलून झाल्यावर वाटलं, हे खरं आहे. मग घरी आलो, प्रार्थना चालवली, आईच्या गुडघ्याचं म्हणताना वाटलं, छे, आहे की काहीतरी आत. दुसऱ्या दिवशी पुन्हा नव्हतं. तू मला विचारू नको खरं काय आहे. मला कळलं तर मी सांगेन."

शलाकाकडे अशा वेळी म्हणायची वाक्यं होती. दोन वर्षं ती तीच शिकली होती. त्यातलं एकही तिला आठवेना. ती बायकोसारखंच बोलली.

"मला का नाही सांगितलंस? घरी?"

"सांगितलं की तुलाच."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"तू मला तुम्ही म्हणत होतीस," तो म्हणाला. "परक्या बाईला सांगतोय असं वाटलं, म्हणून जमलं. आणि ती तू होतीस, म्हणून बरंही वाटलं. आता हे कसं ते विचारू नकोस."

तिने विचारलं नाही. तिने त्याचा हात मांडीखालून ओढून काढला आणि आपल्या हातात धरला. तो हात घामेजला होता. आपल्याला रडू येतंय की हसू, हे ठरत नव्हतं. दाराबाहेर जिन्यात राजसी कुणालातरी विचारत होती की मला मार्क मिळणार का, आणि ते ऐकून दोघंही हसले.

त्या संध्याकाळी घरी हातपाय धुऊन झाल्यावर अक्षय हॉलमध्ये आला, पण बसला नाही. आईला म्हणाला, आजपासून काही दिवस मी चालवणार नाही. बसेन तुमच्यात, पण बोलणार नाही.

सरस्वतीबाईंना वाटलं घसा बसलाय. मग वाटलं शलाकाशी काहीतरी झालंय. मग त्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "तुझे बाबा तापाने फणफणले असले तरी बसायचे." अक्षय म्हणाला, माहीत आहे. मग त्यांनी स्वतःच प्रार्थना सुरू केली. खेड्यातल्या बायकांच्या पद्धतीची, लांबलचक. चिमी मध्येच झोपली. आणि शेवटी, आवाज कापरा करून, त्यांनी आपल्या वाट चुकलेल्या लेकराला सांभाळण्याची विनवणी केली. नाव घेऊन.

शलाकाने अक्षयकडे पाहिलं. जे नको म्हणून तो इतके दिवस गप्प राहिला होता, तेच पहिल्या दिवशी त्याच्या पुढ्यात आलं होतं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तो आमेनच्या आधीच उठून गॅलरीत गेला.

कुणाची बाजू घ्यायची हे शलाकाला कळत नव्हतं. आईंचं चुकत नव्हतं. अक्षयचंही नाही. शेवटी एका दुपारी, आई मेथी निवडत बसल्या होत्या तेव्हा, ती त्यांच्याजवळ जाऊन बसली. म्हणाली, आई, त्यांचं नाव घेऊन मोठ्याने प्रार्थना नका ना करू. त्यांना जड जातं.

सरस्वतीबाई काड्या वेगळ्या करत राहिल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "मग काय करू? मला दुसरं काय येतं?"

शलाका त्यांच्याबरोबर मेथी निवडू लागली. त्या दिवसापासून आईंच्या प्रार्थनेतून अक्षयचं नाव गेलं. त्याऐवजी शेवटी त्या थोडा वेळ नुसत्या गप्प बसत, ओठ मिटून. अक्षय शलाकाला म्हणाला, आईच्या मनात माझंच चाललेलं असतं, चेहऱ्यावर दिसतं. पण तो आता उठून जात नसे.

अंजनी मॅडमनी शलाकाला सरावात पास केलं, काठावर. म्हणाल्या की तुम्ही समुपदेशकाची खुर्ची सोडलीत ते बरोबर केलंत, पण पहिल्याच शनिवारी सोडायला हवी होती, आणि तुम्हाला बसू दिलं ही माझी चूक. नियमाबद्दल त्यांनी नंतरही काही सांगितलं नाही. शलाकाने पुन्हा विचारलं नाही. पुढच्या महिन्यात तिला बदलापूर गावातलं एक खरं जोडपं मिळालं आणि ती त्यांच्याकडे जाऊ लागली.

मंडळीत मात्र कुजबुज झाली. अक्षय रविवारी उपासनेला यायचा, पण पुढे बसायचा नाही, बायबलमधला शास्त्रपाठ वाचायला सांगितला तर दुसऱ्याला द्यायचा. पाळकसाहेबांनी शलाकाला बाजूला घेऊन विचारलं, काय झालंय? तुमचं तर हेच शिक्षण झालंय.

"मला माहीत नाही," शलाका म्हणाली. "त्यांनाही अजून माहीत नाही. कळलं तर ते सांगतील."

पाळकसाहेबांना ते उत्तर पटलं नाही आणि त्यांनी तसं सांगितलंही.

अक्षयने ओव्हरटाइम मागायचं सोडलं. तो साडेसहालाच घरी येऊ लागला आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की त्या वेळेला घरात त्याच्यासाठी जागाच ठेवलेली नव्हती. हॉलमध्ये चिमीचा अभ्यास असायचा, सोफ्यावर आईंची मालिका, स्वयंपाकघरात शलाका. तो या खोलीतून त्या खोलीत हिंडायचा, प्रत्येकीला विचारायचा, काही करू का, आणि प्रत्येकीच्या वाटेत यायचा. एकदा शलाका पोळ्या करताना तो मागे येऊन इतका वेळ नुसता उभा राहिला, की तिने वैतागून विचारलं, काय पाहिजे तुला?

"काही नाही," अक्षय म्हणाला. "बघतोय."

तिने त्याच्या हातात लाटणं दिलं आणि ती तव्याकडे वळली. त्याची पहिली पोळी कशीतरीच झाली. शलाकाने ती तशीच भाजली.